इंजन त्यांच्याकडं, सामान आमच्याकडं

सासरे गेले त्या वर्षीच आमच्या घरात वाटणी झाली. मी लग्न होऊन आले त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. वालूरपासून कोसभरावर आमचं गाव. गावाला लागून मळा, मळ्यात विहीर आणि विहिरीवर सासऱ्यांनी मोठ्या हौसेनं बसवलेलं डिझेलचं इंजन. ते परभणीहून आणताना त्यांनी जास्तीच्या सामानाची एक लाकडी पेटीही सोबत आणली होती. इंजनाचं काही मोडलं की ते मिळेपर्यंत पीक वाळून जायचं, म्हणून त्यांनी आधीच तजवीज केलेली. पेटीत लायनर होता, म्हणजे आतून आरशासारखी गुळगुळीत असलेली जाड लोखंडी नळी. तिच्यात वरखाली होणारा पिस्टन होता, पिस्टनवर चढवायच्या रिंगा होत्या, हवा आत-बाहेर सोडणारे दोन वॉल आणि डिझेल फवारणारं एक नोझल. सगळं कोरं.

वाटणीला पाच जण बसले होते. जमीन, बैलं, भांडी, घर, सगळं शांतपणे झालं. घराच्या मधोमध भिंत घालायचं ठरलं तेव्हासुद्धा कुणाचा आवाज चढला नाही. गाडं अडलं ते इंजनापाशी. विहीर भायांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांच्या वाट्याला गेली होती. पाणी दोघांनी पाळीपाळीनं घ्यायचं, हे दोघांनाही मान्य होतं.

"विहीर माझ्याकडं आली, मग इंजन काय उपटून घरात ठिवायचं का?" भाया म्हणाले.

"मग इंजनातलं मला काय?" आमचे मालक म्हणाले.

भाया तापट होते. "अर्धं कापून ने," ते म्हणाले.

मालक उठले, कोपऱ्यातली ती पेटी त्यांनी खांद्यावर घेतली आणि म्हणाले, "हे माझं अर्धं." बसलेले हसले. कुणीतरी म्हणालं, रागानं नेतोय, संध्याकाळी आणून ठेवील. पण संध्याकाळ झाली, भिंतीचं काम सुरू झालं, संपलं, तरी पेटी आमच्याकडंच राहिली आणि दोघा भावांचं बोलणं बंद झालं.

त्या रात्री जेवताना मालक मला म्हणाले, "बिघडू दे एकदा. येतंय का न्हाई दारात, बघू."

नवीन सुनेनं अशा गोष्टीत बोलायचं नसतं, एवढंच तेव्हा मला कळत होतं. भायांशी तर मी कधीच बोलले नव्हते. आमच्याकडं धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर पदर पुढं ओढायचा, बाजूला व्हायचं आणि काही सांगायचंच असलं तर जावेमार्फत नाहीतर पोरांमार्फत सांगायचं. ते अंगणात येताना खाकरायचे आणि मी आत सरायची. एका घरात राहून मी त्यांचा आवाज ओळखत होते, चालणं ओळखत होते, पण चेहरा नीट पाहिला होता असं म्हणता येणार नाही.

पेटी माझ्याकडं कशी आली, तर अडगळ म्हणून. मालकांनी ती धान्याच्या खोलीत ढकलली आणि विसरून गेले. ओल लागू नये म्हणून मी तिच्यातलं सामान बारदान्यात गुंडाळलं. पाऊसकाळ सरल्यावर सहज उघडून बघितलं तर बारदान्यानं सगळी ओल पिऊन घेतली होती आणि रिंगांवर गुळाच्या भुकटीसारखा तांबूस थर आला होता. लोखंडाचं मला काय ठाऊक? तवा आणि विळी. तवा गंजला तर आम्ही त्याला करडीचं तेल लावतो. मी रिंगा राखेनं घासल्या, सगळ्या सामानाला करडीचं तेल चोपडलं, कागदात गुंडाळलं आणि निश्चिंत झाले. पुढच्या खेपेला उघडलं तर त्या तेलाचा डिंक झालेला. पिस्टन कागदाला असा चिकटला होता की सोडवताना कागदच फाटला. वरून धूळ बसलेली.

भाऊबीजेला मी माहेरी येलदरीला गेले. माझा थोरला भाऊ तिथल्या वीजघरात सामानाच्या कोठीवर कामाला होता. त्याला मी हे सगळं सांगितलं. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी मला कोठी दाखवायला घेऊन गेला. फळ्यांवर कागदात बांधलेल्या वस्तू ओळीनं ठेवलेल्या, एकही जमिनीला टेकलेली नाही.

"करडीचं तेल वाळतंय, म्हनून डिंक झाला," तो म्हणाला. "रॉकेलनं धू, उन्हात चांगलं वाळव. वाळल्यावर उघड्या हातानं धरू नको, हाताच्या घामानं बी गंज धरतंय. ग्रीस कढव जरा, पातळ झालं की ब्रशनं लाव, भेगाबिगात जाऊ दे. मग मेणकागद."

"आणि बारदाना?"

"बारदान्याचं नावच घेऊ नको. आन मिठाच्या रांजणाजवळ ठिवू नको."

माझी पेटी मिठाच्या रांजणालाच टेकून होती. येताना त्यानं मला ग्रीसचा डबा आणि मेणकागदाची गुंडाळी दिली. सोबत कळीच्या चुन्याचे चार खडे. ते फडक्यात बांधून पेटीत टाकायचे म्हणजे आतली ओल चुना ओढून घेतो. चुना फुटून पीठ झाला की बदलायचा.

तेव्हापासून दर दसऱ्याच्या आधी मी पेटी उघडायची. सगळं धुवायचं, वाळवायचं, पुन्हा लेप द्यायचा, बांधायचं. दसऱ्याला अवजारांची पूजा असते. भिंतीपलीकडून भाया आणि जाऊबाई झेंडूचा हार घेऊन मळ्यात इंजनाच्या पूजेला जायचे आणि इकडं आमच्या घरात मी पेटीची पूजा करायची. हळदीकुंकू मात्र पेटीच्या झाकणावर, आतल्या लोखंडाला ओला हात लागू द्यायचा नाही. मालक म्हणायचे, "कशाला एवढं? देऊन टाकू सेलूच्या दुकानात, घेतील ते." मी म्हणायची, राहू द्या.

का राहू द्या, हे मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. आता विचार करते तेव्हा वाटतं, सुरुवातीला त्यात हट्टच जास्त होता. आमच्या वाट्याला आलेली एवढी एक कोरी वस्तू, ती आमच्याकडं येऊन सडली असं कुणी म्हणू नये. पुढं हट्ट कमी झाला आणि सवय राहिली. लायनर हातात घेऊन उजेडाकडं धरला की आत स्वच्छ गोल प्रकाश दिसायचा. तो बघायला मला आवडायचं. ते सामान कुठल्या इंजनाचं आहे हे मला माहीत होतं आणि ते इंजन तिकडं मळ्यात धडधडताना रोज कानावर यायचं. मालक ज्या दिवसाची वाट बघत होते, त्याच दिवसासाठी मीही ते सामान जपत होते. फक्त त्या दिवशी काय व्हावं, हे दोघांच्या मनात वेगळं होतं.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. त्याच्या आदल्या सालीही पाऊस जेमतेमच होता. विहिरीनं तळ दाखवला. इंजनाचा आवाज बंद झाला आणि सगळं गाव तलावाच्या कामावर गेलं. भाया एका टोळीत खडी फोडायचे, मालक दुसऱ्या टोळीत. जाऊबाई आणि मी मातीची टोपली उचलायचो. भिंतीच्या दोन बाजूंना राहूनही आमचं दोघींचं बोलणं कधी तुटलं नव्हतं. दुपारी बाभळीखाली भाकरी सोडताना मी एकदा विचारलं, "बाई, इंजनाला काही झाकलंबिकलं हाय का?"

"धुराड्यावर डबा पालथा घातला व्हता," जाऊबाई म्हणाल्या. "हाय का गेला वाऱ्यानं, कोन बघतंय गं. प्यायला पानी न्हाई."

त्यांचं खरं होतं. त्या वर्षी रॉकेलही मिळत नव्हतं. मी पेटी उघडून नुसती बघितली, चुना बदलला आणि बंद केली.

पुढच्या साली पाऊस आला आणि चांगला आला. दिवाळीपर्यंत विहीर वरच्या पायरीला लागली. दोन वर्षं हाताला खडी लागून लागून मातीचा मऊपणा विसरलेली माणसं गव्हाच्या पेरणीला लागली. आम्हीही खालच्या अंगाला गहू पेरला, भायांनी वरच्या अंगाला. पहिलं पाणी द्यायची वेळ आली तेव्हा भाया इंजन चालू करायला गेले. हँडल फिरेना. दोन माणसं लावली तरी फिरेना.

सेलूहून मिस्त्री आणला. धुराड्यावरचा डबा केव्हाच उडून गेला होता. जो काही पाऊस झाला त्याचं पाणी धुराड्यातून थेट आत उतरलं होतं आणि तिथंच राहिलं होतं. पिस्टन लायनरला गंजानं धरून बसला होता. लाकडाचा ठोकळा लावून ठोकून ठोकून काढला तेव्हा तो फुटूनच बाहेर आला. लायनरला आतून खड्डे पडले होते, एक वॉल जागेवर जाम झाला होता. भाया परभणीला जाऊन आले. दुकानदारानं सांगितलं, सगळ्यांचीच इंजनं दोन-दोन वर्षं बंद होती, सगळ्यांना आत्ताच सामान पाहिजे, माल आल्यावर बघू.

हे मला जाऊबाईंनी सांगितलं. आम्ही विहिरीच्या थारोळ्यापाशी धुणं धूत होतो. थारोळ्याला इंजनाचं पाणी नव्हतं, पोहऱ्यानं शेंदून घेतलं होतं.

"काय काय लागतंय म्हनायलाय मिस्त्री?" मी विचारलं.

"लायनर, पिस्टन, रिंगा, आन ते वॉल का काय." बोलता बोलता त्या थांबल्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मी मागाय आले न्हाई गं."

"मला म्हाईत हाय," मी म्हटलं.

"त्यांनी तुझ्या दारात यायचं न्हाई म्हनून शपथ घातलीय सोताला. मी बी काई बोलत न्हाई."

संध्याकाळी मी मालकांजवळ विषय काढला. ते बाजेवर बसले होते.

"त्यानं तोंडानं मागावं," ते म्हणाले. "एक शब्द. मी काय न्हाई म्हननार हाय का?"

"गहू आपला बी वाळायलाय."

"वाळू दे."

"वाळू दे कसं? दोन वर्सांनी दाना टाकलाय रानात."

ते बाजेची सैल दोरी ओढत बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "पेटी कोनाची हाय?"

"तुमची," मी म्हटलं. "पर एवढी वर्सं पुसली कोनी?"

माझ्या तोंडून असं पहिल्यांदाच गेलं होतं. मला वाटलं आता रागावतील. ते रागावले नाहीत. भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. ती तीच भिंत, मधली. हो म्हणाले नाहीत आणि नको असंही म्हणाले नाहीत. सकाळी चहा पिऊन खुरपं घेऊन रानात निघून गेले. मी भाकऱ्या उरकल्या, पेटी डोक्यावर घेतली आणि मळ्याची वाट धरली. पेटी जड होती. वाटेत कुणी भेटू नये असं वाटत होतं, पण दोघंतिघं भेटलेच आणि वळून वळून बघत गेले.

इंजनाच्या खोलीत मिस्त्री होता, भाया होते. दारात मला बघून भाया उठले आणि रिवाजाप्रमाणं बाजूला तोंड करून उभे राहिले. मी पदर ओढला, पेटी खाली ठेवली आणि झाकण उघडलं. मला लगेच परत फिरायचं होतं. पण भाया पेटीतलं काय आहे ते बघायला वाकले आणि त्यांनी मेणकागद सोडायला हात घातला. हात काळे, घामेजलेले.

"आदी हात पुसा," मी म्हटलं. "हाताला तेल लावा मग धरा. घामानं गंजतंय."

बोलून गेले आणि मलाच ऐकू आलं. भायांशी मी बोललेले ते पहिले शब्द. मिस्त्री एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिला. भायांनी खाली पडलेली चिंधी उचलली, एकेक बोट नीट पुसलं, डब्यातलं तेल हाताला चोळलं. मग कागद सोडला. ग्रीस पुसल्यावर लायनर जसा सासऱ्यांनी आणला होता तसा निघाला. मिस्त्रीनं तो दाराकडं धरून आतून बघितला.

"हे कुठून पैदा केलं?" त्यानं विचारलं. "परभनीत तर मिळंना."

"घरातून," भाया म्हणाले.

मी पेटी तिथंच ठेवून निघाले. बांधापर्यंत आले तोवर डोळे भरून आले होते. वाटणी झाल्यापासून आमच्यात 'तुमचं घर' आणि 'आमचं घर' असंच बोललं जायचं. भायांना काही वेगळं सुचवायचं होतं असं मला आजही वाटत नाही. विचारल्याला उत्तर दिलं, एवढंच. म्हणूनच ते मला जास्त लागलं.

सगळंच काही चांगलं निघालं नाही. पहिल्या वर्षी बारदान्यात गंजलेल्या रिंगांपैकी एकीला मी राखेनं घासलं तरी बारीक खड्डे राहिले होते. मिस्त्री जाऊबाईंना म्हणाला, ही एक खाल्लेली आहे, चालेल, पण थोडा धूर मारील. त्यांनी मला ते सांगितलं तेव्हा मला ओशाळल्यासारखं झालं. इंजन पुढं जितकी वर्षं चाललं, तेवढी वर्षं थोडा काळा धूर मारतच चाललं.

जोडणी दुसऱ्या दिवशी दुपारी पुरी झाली. मी आणि जाऊबाई पाटाच्या कडेला उभ्या होतो. हे इंजन चालू करायला दोन माणसं लागायची. एकानं हँडल जोरात फिरवायचं आणि त्याला वेग आला की दुसऱ्यानं वरची, आत दाब धरू न देणारी कळ सोडायची. सासऱ्यांच्या वेळी हँडल मालक मारायचे आणि कळ भाया सोडायचे. आता भाया हँडल मारत होते आणि मिस्त्री कळेवर होता. नव्या रिंगा घट्ट होत्या. भाया फिरवायचे, वेग यायचा, इंजन एकदा खोकायचं आणि बंद पडायचं. भायांची छाती भात्यासारखी हलत होती. दुष्काळानं त्यांची तब्येत पार उतरली होती, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मालक बांधापलीकडं बाभळीखाली उभे होते. केव्हा आले होते, कोण जाणे. ते सरळ चालत आले, खोलीत शिरले आणि भायांच्या हातातून हँडल घेतलं. भायांनी दिलं. मिस्त्रीला हातानं बाजूला करून भाया कळेपाशी गेले. मालकांनी पाय रोवले आणि फिरवायला लागले.

"सोड," मालक ओरडले.

"सोडली," भाया म्हणाले.

इंजनानं धुराचा एक मोठा लोट सोडला, अडखळलं आणि लागलं. थोड्या वेळानं पाइपातून आधी तांबडं, मग स्वच्छ पाणी थारोळ्यात पडायला लागलं. जाऊबाईंनी माझा दंड एवढा घट्ट धरला होता की नंतर वळ दिसत होते.

कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. मालक हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "आज तुमची पाळी हाय. वर सोडा."

"पाळीबिळी ऱ्हाऊ दे," भाया म्हणाले. "तुझा गहू खाली हाय, लय वाळलाय. आदी तिकडं दे."

मालकांनी फावडं घेतलं आणि पाटाचं मातीचं दार मोडून पाणी खाली वळवलं. गहू दोघांचाही हाताला लागला.

त्यानंतरही दोघांचं बोलणं बरेच दिवस इंजनापुरतंच होतं. डिझेल किती आहे, पट्टा सैल झालाय, पाळी कुणाची. लग्नकार्यात शेजारी बसायचे पण बोलायचे नाहीत. माझ्या मनात यायचं, एवढं होऊन हे एवढंच? मग हळूहळू कळलं की त्यांना एकमेकांशी बोलायला दुसरं काही आधीही नव्हतं. वडील, विहीर आणि हे इंजन, यावरच ते दोघं लहानाचे मोठे झाले होते. तुटलं होतं ते तिथं आणि जुळायचं होतं तेही तिथंच. भिंत मात्र राहिली, चुली दोन राहिल्या. ते कुणी बदलायला गेलं नाही आणि खरं सांगायचं तर जाऊबाईंना आणि मला ते सोयीचंही होतं.

परभणीच्या दुकानात माल आल्यावर भाया जाऊन लायनर-पिस्टनचा नवा जोड घेऊन आले. दुपारच्या एसटीनं उतरले ते स्वतःच्या दारात न जाता आमच्या ओट्यावर आले. खोकं खाली ठेवलं. मालक घरी नव्हते. मी उंबऱ्याच्या आत होते, पदर सावरून. भायांनी इकडंतिकडं पाहिलं, निरोप सांगायला कुणी दिसेना.

"हे तुमच्याजवळ ठिवा," ते मला म्हणाले. "आमच्यात कोनाच्यानं व्हायचं न्हाई."

"चहा ठेवते," मी म्हटलं.

ते बसले. चहा पिताना त्यांनी विचारलं, ग्रीस कढवायचं म्हणजे कितपत? मी सांगितलं, बोट बुडवता आलं पाहिजे एवढंच कोमट. त्यांनी मान हलवली. त्या दिवसापासून ते माझ्याशी सरळ बोलायला लागले आणि मीही त्यांना उत्तर देताना आत सरणं सोडलं. गावात चार बायका काहीबाही बोलल्या, पण जाऊबाईंनीच त्यांना गप्प केलं.

दशक संपता संपता मळ्यापर्यंत विजेचे खांब आले. विहिरीवर मोटार बसली आणि इंजन पाथरीकडच्या एका शेतकऱ्यानं नेलं. ट्रॉलीत चढवताना मी जपलेला जोडही सोबत दिला. त्या माणसानं खोकं तसंच लोखंडाच्या ढिगात फेकलं, तेव्हा भाया खेकसले, "आरं, हळू. त्याला धक्का लागंल." माणूस बिचारा बावरून गेला.

ट्रॉली गेल्यावर दोघं भाऊ मोटारीची बटणांची पेटी कुठल्या भिंतीला बसवायची यावरून मोठमोठ्यानं वाद घालायला लागले. भायांना दाराजवळ पाहिजे होती, मालकांना आतल्या बाजूला, पाऊस लागणार नाही अशी. अंधार पडायला आला तरी दोघं तिथंच हातवारे करत होते. मी घाबरून जाऊबाईंकडं पाहिलं. त्या पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "भांडू दे त्यांना. चल, भाकऱ्या टाकू. माझ्याकडंच टाकू आज, सरपन वाळलेलं हाय."